झाकणाचा पाठपुरावा

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी.

गेटसमोरच्या फुटपाथवरचं गटाराचं झाकण फुटलं. पाण्याचा टँकर वळला, मागचं चाक वर चढलं, काडकन आवाज, झाकण आत. आता तिथे भलंमोठं भोक. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला दुचाक्यांची रांग. बाहेर पडायचं तर लांब पाय टाकून भोक ओलांडायचं, दुसरा रस्ता नाही.

सगळी बिल्डिंग बाल्कनीत उभी. च्‌च्‌ करताहेत. च्‌च्‌ करायला काय जातंय यांच्या बापाचं! एकालाही वाटलं नाही की आपण नागरिक आहोत. मला वाटलं.

रिटायर होऊन वर्ष होत आलं. उभा जन्म ऑडिटमध्ये गेला. माझ्या क्वेरीचं उत्तर दिल्याशिवाय भल्याभल्यांना पेन्शन मिळाली नाही. ती सगळी अक्कल घरात गंजत पडली होती. आजपासून ती समाजाच्या कामी. संकल्प: या आठवड्यात झाकण. आणि तेही रीतसर.

तात्या म्हणजे माझे सासरे. आमच्याकडेच राहतात. डोळ्यांनी अंधुक दिसतं. रोज सकाळी काठी टेकत एकटे कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जातात. तिथे त्यांच्याच वयाचे चारपाच जण जमतात, न्हावी मोठ्याने पेपर वाचतो आणि हे सगळे त्याहून मोठ्याने भांडतात. दिवसभरात तात्यांचं बाहेर पडणं तेवढंच. आज काठीने भोक चाचपून माघारी आले. मी म्हटलं, आठवडाभर कळ काढा, मी हातात घेतलंय. म्हणाले, अरे देवा. थकवा असेल.

सोमवार, दुपारी.

महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली. आता प्रकार कोणता? 'गटार', 'फुटपाथ' की 'झाकणे व जाळ्या'? कुठे फट राहायला नको म्हणून तिन्हींत टाकली. तीन खाती एकदम कामाला लागतील. बिल्डिंगच्या ग्रुपवर कळवलं. सेक्रेटरीचा अंगठा आला. बाकी सगळे तोंडात मूग गिळून.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.

खाली रस्त्याकडेच्या गाळ्यात एक टेलरताई आहेत. रात्रीतून त्यांनी भोकात एक मोडकी खुर्ची उलटी खोचली, पायाला लाल चिंधी बांधली. लोकांना लांबूनच कळावं म्हणून, म्हणे. झालं यांचं नागरिकत्व!

शांतपणे समजावलं. ताई, फोटोत खुर्ची आली तर साहेब म्हणणार, धोका कुठे आहे? प्रकरण कमकुवत होतं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि विचारलं, कुणी पडलं तर प्रकरण मजबूत होईल का? मुद्दा बरोबर होता, पण विचारण्याचा सूर खवचट. खुर्ची काढून फोटो घेतले. त्यांनी परत खोचली. मी परत काढली. त्यांनी परत खोचली आणि हातात कात्री घेऊन दारात उभ्या राहिल्या. फोटो पुरेसे झाले होते, म्हणून वर आलो.

बुधवार, ५ फेब्रुवारी.

समोरचा वेल्डर आला. दुकानात लोखंडी जाळी पडून आहे, मापाची आहे, संध्याकाळपर्यंत बसवून देतो, काही नको. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, लगेच चहा टाकला. तात्या तर पायात चप्पल घालून बसले.

मी नाही म्हटलं. सार्वजनिक मालमत्तेला खाजगी माणसाने हात लावायचा? खर्चाच्या कोणत्या हेडखाली? उद्या जाळी मोडली तर जबाबदार कोण? वेल्डर म्हणाला, मी. मी विचारलं, तुम्ही कोण? म्हणजे पदनाम काय? तो चहा अर्धा ठेवून उठला. यांना वाटतं भोक दिसलं की बुजवायचं, म्हणजे झालं समाजकार्य! अरे, आपण बुजवलं तर यंत्रणा कायमची झोपेल. यंत्रणेला जागं करणं हे माझं काम आहे.

हे सगळं तात्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी चप्पल काढली. म्हणाले, जावईबापू, यंत्रणा झोपू द्या हो, मला सलूनला जाऊ द्या. म्हातारपणी दृष्टी आखूड होते.

ही दिवसभर बोलली नाही. घर शांत होतं. दोन स्मरणपत्रं लिहून झाली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.

ॲपवर शब्द बदलला! 'प्राप्त' होतं, आता 'प्रगतिपथावर'. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. खाली कुणीतरी विचारलं, झाकण? मी लिहिलं, वाचता येत नाही का? प्र-ग-ति-प-था-वर. तीन जण ग्रुप सोडून गेले. असली माणसं लोकशाहीत अडगळच.

सोमवार, १० फेब्रुवारी.

आठवडा झाला. पण मधे शनिवार-रविवार होते, ते धरायचे नसतात.

रोज सकाळी हीच तात्यांचा हात धरून भोक ओलांडवते, सलूनला पोचवते, मग धावतपळत दवाखान्यात रिसेप्शनवर. चारदा उशीर झाला, डॉक्टरीणबाई बोलल्या, म्हणे. आज माझ्यावर ढकललं. आनंदाने नेलं. मी काही काम टाळणारा नाही.

पण वाटेत काय काय दिसलं! दिव्याच्या खांबाला झाकण नाही, वायरी बाहेर. मंडईच्या भिंतीला टेकवून ठेवलेला राडारोडा. एका दुकानाची पायरी फुटपाथवर आलेली, मापली, चांगली दीड हात. सगळ्याचे फोटो, चारी बाजूंनी. तात्या खांद्याला धरून उभे होते. मधेमधे विचारत होते, पोचलो का? मी म्हणत होतो, हे एवढं घेतो.

सलूनला पोचलो तर न्हावी केस झाडून काढत होता. मंडळी उठून गेलेली. पेपरची घडी झालेली. तात्या तरी आत जाऊन रिकाम्या खुर्चीत बसले. न्हाव्याने पेपर उलगडला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मला म्हणाला, साहेब, तुम्ही जा, मी सोडतो घरी. धंदा सोडून पेपर वाचतोय, वर मला शिकवतोय. दुकानाचा परवाना भिंतीवर लावलेला दिसला नाही. नोंद केली.

हिला संध्याकाळी कळलं. उद्यापासून मीच नेईन म्हणाली. चांगली सुधारणा.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

यंत्रणा जिवंत आहे का हे तपासायला एक सँपल तक्रार टाकली होती. ऑडिटमध्ये आम्ही असंच करायचो. विषय: फुटपाथवर खुर्ची, अतिक्रमण.

आज सकाळी पालिकेची गाडी हजर! पाच माणसं उतरली. भोकातून खुर्ची उपसली, गाडीत टाकली. जाता जाता टेलरताईंचं इस्त्रीचं टेबल आणि पाटीही उचलली, दोन्ही थोडी बाहेर होती. काय ती चपळाई! आपण उगाच सरकारला नावं ठेवतो. मी टाळ्या वाजवल्या. मी एकट्यानेच.

टेलरताई गाडीच्या मागे धावल्या. परत आल्या तेव्हा हाताला खरचटलं होतं. माझ्यासमोर उभं राहून जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. त्यांना वाटतं मी सूड घेतला. सूड! मला तर त्या खुर्चीशी काही वैरही नव्हतं. चहावाला सगळं बघत होता. मी चहा मागितला तर म्हणाला, संपला. किटली उकळत होती.

भोक आता स्वच्छ, मोकळं दिसतं. फोटो उत्तम आले.

शनिवार, १५ फेब्रुवारी.

वॉर्ड ऑफिसात 'नागरिक संवाद'. इस्त्री केलेला शर्ट घातला, फाईल घेतली. हॉलमध्ये आमचा अख्खा रस्ता आलेला. वेल्डर, टेलरताई, न्हावी, चहावाला. हीसुद्धा दवाखान्यातून अर्धी रजा टाकून तात्यांना घेऊन आली. मला बघून सगळे एक रांग मागे सरकले. आदर असतो तो.

ज्युनियर इंजिनियर अगदीच तरुण. सुरुवातीला म्हणाला, नागरिक सहभाग म्हणजे तुम्हाला काय वाटतं, प्रत्येकाने थोडक्यात सांगा. कीव आली ऐकून. वेल्डर म्हणाला, मोडलं की दुरुस्त करायचं. टेलरताई म्हणाल्या, आपल्या दारात कुणी पडू नये. न्हाव्याने सांगितलं, आलेल्याला बसायला द्यायचं. ही म्हणाली, मला फक्त वेळेवर कामाला पोचायचंय. तात्यांना विचारलं तर म्हणाले, लोकांत मिसळता यावं. बस? एकानेही कलम, नियम, मुदत असा शब्द काढला नाही.

झाकणाचा विषय चौथा होता. इंजिनियर म्हणाला, झाकण आलेलं आहे, आत्ता ठराव करून टाकू, परवा बसवतो. इथे मी उठलो. विचारलं, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम केलं का? ते कायम न करता चौथ्या विषयावर उडी कशी? त्याने इतिवृत्त काढलं. त्यात चुका. तारखा खाडाखोड केलेल्या, उपस्थितांच्या सह्या उलट्या क्रमाने. एकेक दाखवत गेलो. मागून कुणीतरी, बसा की हो खाली, असं ओरडलं. मी बसलो नाही. तात्यांचा आवाज आला, जावईबापू, पाया पडतो. त्यांनाही समजावलं की हे सगळं त्यांच्यासाठीच आहे.

मग हॉलची वेळ संपली. शिपाई दिवे घालवायला आला. विषय चार पुढच्या सभेत, म्हणजे पुढच्या महिन्यात. पण इतिवृत्त कायम झालं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट.

येताना ही आणि तात्या रिक्षाने आले. मला जागा नव्हती, म्हणे. रिक्षात तिघे बसतात. बहुधा तात्यांना पाय पसरायचे असतील.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

आजचा दिवस सुवर्णाक्षरांत लिहावा असा. ठराव-बिरावाची वाट न बघता इंजिनियरने परस्पर माणसं पाठवली! टेंपोत नवं कोरं झाकण, सिमेंट, मुकादम, दोन मजूर. माझ्या पाठपुराव्याचा दणका. ही रजा टाकून खाली उतरली. तात्या तिच्या खांद्याला धरून. वेल्डर मदतीला पहार घेऊन आला. इतकी गर्दी झाली की मला पुढे यायला धक्काबुक्की करावी लागली.

मुकादमाकडे ऑर्डर मागितली. सवय. बघतो तर काय, रस्त्याच्या नावाच्या जागी पलीकडच्या गल्लीचं नाव!

मुकादम म्हणाला, लिहिणाऱ्याची चूक आहे साहेब, भोक तर इथेच आहे ना, बसवून टाकतो. टाकतो? चुकीच्या कागदावर बरोबर काम? उद्या ऑडिट लागलं तर झाकण या रस्त्यावर आणि खर्च त्या गल्लीवर. मी भोकाच्या कडेला उभा राहिलो. म्हटलं, आधी कागद दुरुस्त करून आणा. वेल्डरने पहार आपटली. हिने माझी बाही धरली. इतक्या लोकांसमोर कधी धरत नाही. म्हणाली, अहो, एक दिवस, फक्त एक दिवस गप्प बसा. तत्त्वाची बाब होती, मी हललो नाही.

मुकादमाने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, बरं, कागदात आहे तसं करतो. टेंपो पलीकडच्या गल्लीत नेला. तिथलं झाकण चांगलं धडधाकट होतं. ते पहारीने फोडून काढलं आणि तिथे नवीन बसवलं. जुनं गेलं भंगारात. निदान कागदाप्रमाणे काम झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा या वॉर्डात कागद आणि काम जुळलं.

वर आलो तर कुणी ताट वाढलं नव्हतं. स्वतः वाढून घेतलं. थंड होतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी.

तात्या मेहुणीकडे चालले. गावाच्या दुसऱ्या टोकाला. कायमचे, म्हणे. साडूच्या घरी! ज्या माणसाने जन्मात एक अर्ज केला नाही, मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत घोरत पडतो, गाडी कुठेही लावतो. पण घर तळमजल्यावर आहे आणि दोन घरं सोडून सलून. न्हाव्याशी बोलून ठेवलंय त्याने. वशिला, दुसरं काय!

वेल्डरने भोकावर फळी टाकली. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने टेलरताई, मधे तात्या. फळी विनापरवाना होती, शिवाय वृद्ध माणसाच्या जिवाला धोका, म्हणून फोटो काढला. मोबाईलचा खट्ट आवाज तात्यांच्या कानावर गेला. मधेच थांबले. म्हणाले, जावईबापू, फोटो काढताय? थांबतो मग. नीट येऊ द्या. आणि फळीवर काठी टेकून ताठ उभे राहिले. अख्खा रस्ता माझ्याकडे बघत होता. फोटो हललेला आला.

ही त्यांना चार दिवस रुळवून येणार आहे. कुकर घेऊन गेली. चार दिवसांना कुकर कशाला लागतो?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी.

चार दिवसांचे सहा झाले. हिचा फोन. तात्यांचं सलून उत्तम चाललंय, आवाज बसलाय भांडून भांडून. साडू रोज सोडायला जातो, येताना तिलाही बसस्टॉपवर सोडतो. परत कधी, विचारलं. म्हणाली, झाकण बसलं की. मी म्हटलं, प्रगतिपथावर आहे. तिने फोन ठेवला.

ठरवलं. माझा हट्ट नसतो, मी लवचीक माणूस आहे. वेल्डरकडे गेलो. म्हटलं, ती जाळी बसवा, माझी हरकत नाही. म्हणाला, शाळेच्या गेटसमोर बसवून टाकली. दुसरी आहे का, विचारलं. त्याने वेल्डिंगचा चष्मा खाली ओढला आणि ठिणग्या उडवायला लागला. टेलरताईंना फळीबद्दल विचारलं. मशीनचा आवाज वाढला.

मंगळवार, ४ मार्च.

रोज वॉर्ड ऑफिस. सकाळी जातो, इंजिनियरच्या केबिनबाहेर बाकावर बसतो, दुपारी येतो. शिपाई आता विचारतही नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत झाकण नाही. का, विचारलं. साहेब जागेवर नाहीत. साहेब आत होते, चपला दिसत होत्या.

घरी आलो की भात करतो. पातेल्यात. करपतो.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी.

इंजिनियर स्वतः पाहणीला आला! म्हणजे शेवटी जिंकलो. शर्ट बदलला, फाईल घेतली, खाली धावलो. भोक दाखवलं. त्याने वाकून बघितलं, मग मोबाईलवर तक्रार उघडली.

म्हणाला, तक्रारीत कारण लिहिलंय, ज्येष्ठ नागरिकाची गैरसोय. कुठे आहेत ते? म्हटलं, दुसऱ्या मुलीकडे राहायला गेले. तुमच्या मिसेस? त्याही तिकडे, तूर्त. त्याने रस्त्यावर बघितलं. टेलरताईंनी गाळ्याचं दार मागच्या बाजूने केलंय, त्यांच्या गिऱ्हाईकांना भोक लागत नाही. वेल्डरचं दुकान पलीकडे. बिल्डिंगवाल्यांनी मागच्या कंपाउंडला छोटं गेट पाडलंय, मला कुणी सांगितलं नव्हतं. मग अडचण नक्की कुणाला आहे, त्याने विचारलं. मी म्हटलं, मला.

तो म्हणाला, तुम्ही रोज कुठे जाता?

खूप आठवून बघितलं. सलूनमध्ये मी जात नाही. चहावाला चहा देत नाही. म्हटलं, तुमच्या ऑफिसात. आणखी कुठे? आणखी कुठे नाही.

त्याने माझ्या हातातल्या फाईलकडे बघितलं. मग मोबाईलवर काहीतरी दाबलं. आतापर्यंत साहेब म्हणायचा, आज म्हणाला, काका, उद्यापासून यायची गरज नाही. तक्रार बंद केलीय. आवाज मायेचा होता त्याचा, तेच सहन झालं नाही.

दुपारी.

ॲपवर 'निकाली'. सेवेबद्दल चांदण्या द्या म्हणताहेत. हिला फोन लावला, तक्रार निकाली निघाली म्हणून सांगितलं. तिने एकदम विचारलं, म्हणजे झाकण बसलं? आवाजात इतका आनंद होता की मी दोनदा घसा खाकरला. मग नाही म्हणून सांगितलं. बरं, म्हणाली. तात्या मागून विचारत होते, कोण आहे? ती म्हणाली, कुणी नाही, तुम्ही जेवा.

संध्याकाळी.

शर्ट घालून खाली गेलो. माझे पाय शाबूत आहेत, भोक ओलांडता येतं मला. कडेला बराच वेळ उभा राहिलो. कुठे जायचं ते सुचेना. वर आलो, शर्ट खुंटीला लावला आणि भात टाकला.